चार म्हणजे कुणाचे चार?

"वेळेच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये!" हे वॉरन लेहतोचं आवडतं वाक्य. एकेचाळीस वर्षं त्यानं बेसेमर गावात शाळेची बस चालवली. कंबरभर बर्फ असो, बसचं दार गोठून चिकटलेलं असो, वॉरन कधी एक मिनिट उशिरा पोचला नाही. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं त्याला मनगटी घड्याळ भेट दिलं, तर त्यानं ते तिथल्या तिथं तपासलं आणि भरसभेत मुख्याध्यापकांना सांगितलं, "दोन मिनिटं मागं आहे हे."

तर अशा माणसाला डेट्रॉइटला जायचं होतं. तेही वेळेवर.

त्याची एकुलती एक लेक क्रिस्टा तिथं राहते. ती यंत्रांवर संगीत करते. टेक्नो म्हणतात त्याला. डेट्रॉइट हे त्या संगीताचं माहेरच. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी नदीकाठच्या मोठ्या चौकात त्याचा उत्सव भरतो आणि जगभरची पोरं तीन दिवस नाचतात. यंदा पहिल्यांदाच क्रिस्टाला तिथं वाजवायचं बोलावणं आलं. शनिवार, दुपारी चार ते पाच.

आता खरी गोम सांगतो. चार वर्षांपूर्वी नाताळला क्रिस्टानं घरी सगळ्या नातेवाइकांसमोर आपली पहिली धून ऐकवली होती. दोन मिनिटं झाली असतील नसतील, तोच वॉरन खुर्चीतून ओरडला, "डोरीन, धुण्याचं मशीन बंद कर गं, बिघडलंय बहुतेक!" सगळे खो खो हसले. क्रिस्टाही हसली. आणि त्यानंतर एकाही नाताळला घरी आली नाही. फोन यायचा तो आईला. बापाला फक्त "बाबाला सांग थंडीत जपायला" एवढाच निरोप. वॉरन वरवर म्हणायचा, "पुलाखाली राहायला गेली की माणसं बदलतात." आमच्याकडे मिशिगन राज्याचे दोन भाग जोडणाऱ्या मोठ्या पुलाच्या दक्षिणेकडच्या सगळ्यांना आम्ही पुलाखालचे म्हणतो. पण आतून त्याला ते वाक्य रोज टोचत होतं. पोस्टरवर लेकीचं नाव पाहिलं त्याच रात्री त्यानं ठरवलं, जायचं, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत ऐकायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, पोरी, माझं चुकलं.

"फोनवर सांग की आत्ताच," डोरीन म्हणाली. डोरीन म्हणजे त्याची बायको.

"फोनवर नाही. सगळ्यांसमोर बोललो होतो, सगळ्यांसमोरच सांगणार."

"मग विमानानं जाऊ."

"विमान! दारात आरव्ही उभी असताना?"

ती आरव्ही त्यानं निवृत्तीनंतर घेतली होती. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. बाहेरून म्हणाल तर चाकं लावलेला फ्रिज. वॉरननं मार्चपासूनच नियोजन सुरू केलं. अकरा पानी वेळापत्रक केलं. त्यात कुठल्या पंपावर डिझेल भरायचं ते होतं, कुणी कधी बाथरूमला जायचं तेही होतं.

"नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मला लागली नाही तर?" डोरीननं विचारलं.

"प्रयत्न करायचा."

एप्रिलच्या शेवटी, बर्फ उतरल्यावर, त्यानं अंगणातल्या अंगणात रंगीत तालीम घेतली. पाहुणा म्हणून शेजारचा जीनो बर्तोली. वॉरननं ऐटीत आरव्हीच्या शेगडीवर कॉफी केली आणि तिघांना दिली. जीनोनं अर्धा कप घशाखाली घातला आणि कपात डोकावला.

"वॉरन, लेका, कॉफी गुलाबी का आहे?"

हिवाळ्यात नळ गोठून फुटू नयेत म्हणून आमच्याकडे सगळे जण आरव्हीच्या पाइपांत गुलाबी औषध भरतात आणि वसंतात तासभर पाणी सोडून धुऊन काढतात. अकरा पानांत ते कुठंच नव्हतं! औषध विषारी नसतं म्हणून बरं, पण जीनो दोन दिवस जीभ बाहेर काढून गावभर दाखवत फिरला. "लेहतोच्या हॉटेलात जेवून आलो," म्हणायचा.

वॉरननं वेळापत्रकाचं बारावं पान जोडलं.

आता वेळेचं सांगतो, कारण तिथंच सगळं घडलं. बेसेमर मिशिगनच्या पार पश्चिमेला. राज्य एकच, पण आमच्या टोकाच्या चार जिल्ह्यांची घड्याळं उरलेल्या राज्याच्या एक तास मागं चालतात. शेजारच्या जिल्ह्यात बारसं असलं तरी आम्ही पहिलं विचारतो, "वेळ कुणाची? आपली की त्यांची?" फोनचीही तीच गत. टेकडीच्या अलीकडे एक वेळ दाखवतो, पलीकडे दुसरी. वैतागून वॉरननं स्वतःचा आणि डोरीनचा फोन कायमचा आपल्या वेळेवर बांधून टाकला होता. क्रिस्टाला हे पाठ होतं. लहानपणी निम्मी भांडणं तिनं याच विषयावर ऐकली होती.

"पोस्टरवर चार म्हणजे त्यांचे चार," वॉरननं लाल शाईनं लिहिलं. "आपले तीन. मला कुणी शिकवू नये."

डोरीननं ती लाल ओळ दोनदा वाचली. चाळीस वर्षांच्या संसारात ती एक शिकली होती, की वॉरन एखादी गोष्ट लाल शाईनं लिहितो तेव्हा ती विसरायच्या बेतात असतो.

शुक्रवारी पहाटे निघाले. सोबत डोरीननं पेस्टी केल्या होत्या. मांस, बटाटा आणि सलगम भरलेली आमच्या खाणकामगारांची मोठी करंजी. ज्याची त्याला ओळखू यावी म्हणून प्रत्येकीच्या टोकावर नावाचं अक्षर उमटवायचं. तीन पेस्टींवर क्रिस्टाचा 'क' होता. रात्री पुलाच्या अलीकडे मुक्काम झाला. झोपण्याआधी वॉरननं आठवणीनं आरव्हीचं घड्याळ एक तास पुढं केलं, दोघांचेही फोन बंद केले आणि बसचालकाच्या शिस्तीनं खिशात ठेवले. प्रवासात फोन नाही!

शनिवारी सकाळी पुलावर वारा सुटला. पाच मैल लांब पूल, खाली खवळलेलं पाणी आणि वाऱ्यात आरव्ही म्हणजे दोरीवरची चादर. उंच गाड्या थांबवून ठेवल्या होत्या. वॉरन खाली उतरून ट्रकवाल्यांना स्वतःच्या एकेचाळीस वर्षांच्या गोष्टी सांगायला लागला. डोरीन एकटीच आत बसली होती. समोर घड्याळ. तिनं मनाशी म्हटलं, हा विसरला असणार. आणि गुपचूप घड्याळ एक तास पुढं केलं.

वॉरन परत आला, घड्याळ पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"दहा वाजले? मी अडीच तास बोलत होतो?"

"मला नवल वाटलं नाही," डोरीन म्हणाली.

वारा पडून पूल खुला झाला, आणि मग जी आरव्ही हाकली आहे! बाथरूमचे दोन्ही थांबे रद्द झाले. कपाटाची दारं उघडून पिठाची पिशवी खाली पडली आणि डोरीन मागच्या बाकावर पांढरी होऊन बसली. वॉरन स्टिअरिंगला चिकटून पुटपुटत होता, "एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांसाठी वेळेवर पोचलो. स्वतःच्या पोरीच्या वेळी..." आणि त्यानं ॲक्सिलरेटर आणखी दाबला.

शहराच्या कडेला आरव्हींचा तळ होता. तिथं पोचले तेव्हा घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. फाटकावर एक बाई शांतपणे सूर्यफुलाच्या बिया सोलत होती.

"जागा! लवकर! लेहतो नावानं आहे!" वॉरन ओरडला.

"तीननंतर मिळते जागा."

"तीन वाजून गेले!"

"दोन वाजून दहा झालेत, काका."

वॉरननं घाईघाईनं फोन चालू केला. फोन म्हणाला, एक वाजून दहा. आरव्ही म्हणाली, तीन वाजून दहा. बाई म्हणाली, दोन वाजून दहा. वॉरननं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं, फोन पुन्हा बंद केला आणि मग मागं वळून पिठात बसलेल्या बायकोकडे पाहिलं.

"मी पुढं केलं होतं," डोरीन म्हणाली. "तू विसरशील म्हणून."

"मीही केलं होतं!"

"तू? न विसरता?"

"लाल शाईनं लिहिलं होतं ना!"

भांडायला वेळ होता, पण वॉरन इतका खूष झाला की भांडण राहिलंच. आरव्ही फाटकापाशी तिरकी ठेवून त्यांनी टॅक्सी केली. उत्सवात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून डोरीननं पेस्टी जाकिटाच्या आत, दोन काखांत दोन आणि पोटावर एक, अशा बांधल्या. तपासणीच्या पोरानं तिच्याकडे पाहून नाक हुंगलं.

"आजी, काय मस्त वास येतोय!"

"साबण आहे," डोरीन म्हणाली, आणि पुढं गेली.

चारला पाच मिनिटं कमी असताना दोघं रंगमंचासमोर उभे होते. धूर असा सोडला होता की घरच्या सौनाची, त्या वाफेच्या गरम खोलीची, आठवण यावी. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर अक्षरं आली: क्रिस्टा लेहतो. वॉरनचा ऊर भरून आला. धुरात, यंत्रांच्या टेबलामागं, वाकलेली एक आकृती दिसली. डोक्यावर केशरी लोकरी टोपी.

"माझी टोपी!" वॉरननं डोरीनचा दंड पकडला. "हरणाच्या शिकारीची माझी टोपी घातलीय तिनं!"

तशा टोप्या गर्दीत निदान दोनशे पोरांनी घातल्या होत्या. शहरात फॅशन आहे म्हणे. पण वॉरनला तेवढीच एक दिसत होती.

"खांदे रुंद झालेत का रे पोरीचे?" डोरीन डोळे बारीक करून म्हणाली.

"व्यायाम करत असेल!"

आणि ठोका सुरू झाला. वॉरनच्या छातीत, गुडघ्यात, कवळीत, सगळीकडे! खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं त्याला काही कळलं नाही. पण त्यानं ठरवलं होतं ना, ऐकायचं. तो डोळे मिटून ऐकत राहिला. विसाव्या मिनिटाला त्याला वाटलं, अरे, हे तर चढावर बस घेताना इंजिन जसं हळूहळू सूर लावतं तसं आहे. पंचविसाव्या मिनिटाला वॉरन लेहतो नाचायला लागला.

"हो! अस्संच! शाब्बास गं माझी वाघीण!"

शेजारच्या हिरव्या केसांच्या मुलीनं विचारलं, "काका, ओळखीचं कुणी आहे का?"

"माझी लेक आहे ती!"

मुलगी किंचाळली. "अरे, हिचे बाबा आलेत! वाट द्या!" गर्दीनं वाट दिली. हातोहात, खांद्याखांद्यानं वॉरनला पार पुढच्या कठड्यापर्यंत पोचवलं. डोरीनही मागोमाग पोचली, सलगमाचा वास सोडत. कॅमेरेवाल्यानं म्हाताऱ्याचा चेहरा मोठ्या पडद्यावर टाकला. हजारो पोरं ओरडायला लागली, "बाबा! बाबा! बाबा!"

मध्येच संगीत क्षणभर थांबलं. ठोका पुन्हा येण्याआधी अशी एक शांतता ठेवतात. वॉरनला वाटलं, ही शांतता पोरीनं आपल्यासाठीच ठेवली. त्यानं कठड्यावर पोट टेकवलं आणि असेल नसेल तेवढा आवाज लावला.

"पोरी! माझं चुकलं! चार वर्षं चुकलं! मला ऐकताच येत नव्हतं! घर सुनं पडलंय तुझ्यावाचून!"

सगळा चौक गलबलला. हिरव्या केसांची मुलगी रडायला लागली. टेबलामागची आकृती क्षणभर थबकली, छातीवर हात ठेवून वाकली, आणि मग ठोका असा कोसळला की वॉरन शेवटची पंचवीस मिनिटं नुसता ओरडतच होता.

पाचच्या ठोक्याला कार्यक्रम संपला. क्रिस्टानं टपालानं पाठवलेला, कलाकाराच्या आईबापांचा पास गळ्यात अडकवून दोघं रंगमंचाच्या मागं धावले. पायऱ्यांवरून केशरी टोपी खाली येत होती. वॉरननं हात पसरले. डोरीननं काखेतून पेस्टी काढली.

टोपीखाली छातीपर्यंत दाढी होती.

"तुम्हीच ना ते!" दाढीवाला धावत येऊन वॉरनच्या गळ्यात पडला. सहा फुटी, चाळिशीचा, घामानं निथळलेला. "मी डेलरॉय. वीस वर्षं वाजवतोय, पण असं आजवर मला कुणीच..." त्याला हुंदका आवरेना. डोरीननं गांगरून हातातली पेस्टी त्याला दिली. तोही उपाशी होता. 'क'सकट अर्धी त्यानं एका घासात संपवली.

"क्रिस्टा?" वॉरननं विचारलं. म्हणजे विचारायला गेला. घशातून आवाज आला तो गंजलेल्या बिजागरीचा.

"क्रिस्टा कुठं आहे?" डोरीननं विचारलं.

"ती आत्ता वाजवायला लागली की! तिची वेळ चारची होती, माझी पाचची. दुपारी पळत आली माझ्याकडे. म्हणाली, माझे आईबाबा वरून येतायत, त्यांचे फोन लागत नाहीयेत, आणि ते घरच्या वेळेवर असतात, बाबाचे चार म्हणजे इथले पाच. तो नेमका तासभर उशिरा येईल आणि माझं ऐकायचं राहील. पाया पडते, वेळ बदलून दे. मी दिली, आणि ती पाचपर्यंत बाहेर फाटकावर तुमची वाट बघत उभी राहिली. ऐनवेळचं ठरलं, त्यामुळं पडद्यावरचं नाव बदलायचं राहिलं."

डोरीननं कपाळावर हात मारला. "अगं बाई! जन्मात पहिल्यांदा हा घड्याळ पुढं करायला विसरला नाही, आणि त्याच दिवशी..."

पुढचं तिनं गिळलं, कारण वॉरन आधीच समोरच्या बाजूला धावत सुटला होता. पण पाचच्या गर्दीनं कडेची वाट बुजून गेली होती, आणि या गर्दीला तो कुणाचा बाप आहे ते सांगायला त्याला आवाज नव्हता. त्यानं हात हलवले, खिशातलं पोस्टर दाखवलं, उड्या मारल्या. पोरांना वाटलं, आजोबा नाचतायत. त्यांनीही उड्या मारल्या.

शेवटी तो परत मागं आला आणि रंगमंचाच्या पाठीमागं, तारांच्या भेंडोळ्यावर बसला. तिथून गाणं नीट ऐकू येत नव्हतं. नुसते ठोके लाकडातून पायांत येत होते. पण तिथून क्रिस्टाची पाठ दिसत होती. ती मध्येमध्ये टाचा उंचावून गर्दीत दूरवर कुणाला तरी शोधत होती, आणि पुन्हा यंत्रांवर वाकत होती. ती कुणाला शोधते आहे हे वॉरनला कळत होतं. त्याचे डोळे घळघळा वाहायला लागले. हाक मारावी, तर तोंडातून वाराच निघत होता. तास संपेपर्यंत तो जागचा हलला नाही.

सहा वाजता क्रिस्टा पायऱ्या उतरली. समोर बाप पाहून जागच्या जागी थांबली.

"बाबा! तू इथं मागं? मी तुला समोर शोधत होते." मग जरा चाचरत म्हणाली, "ऐकलंस का? कसं वाटलं?"

वॉरननं तोंड उघडलं. तीन महिने सौनात बसून पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं, पण आवाजाचा टिपूस नाही. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, मिटलं, पाण्याबाहेरच्या माशासारखं.

क्रिस्टाचा चेहरा उतरला. "असू दे. नसेल आवडलं. तू आलास तेवढं पुष्कळ."

वॉरननं इतक्या जोरात मान हलवली की चष्मा उडाला.

"अगं, बोलता येत नाहीये त्याला!" डोरीन मध्ये पडली. "या दाढीवाल्यासाठी ओरडून ओरडून घसा फोडून घेतलाय! तूच आहेस समजून!"

"याच्यासाठी?" क्रिस्टानं डेलरॉयकडे पाहिलं. तो दुसऱ्या पेस्टीचा उरलेला तुकडा चावत उभा होता. त्यानं घाईनं घास गिळला, तोंड पुसलं आणि शाळेत कविता म्हणतात तसा सरळ उभा राहिला.

"मला सगळं पाठ आहे," तो म्हणाला. "म्हणाले, पोरी, माझं चुकलं. चार वर्षं चुकलं. मला ऐकताच येत नव्हतं. घर सुनं पडलंय तुझ्यावाचून." मग मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं होतं मलाच म्हणतायत. पण ते तुझं आहे. घे."

क्रिस्टा बापाकडे बघत राहिली. "सगळ्यांसमोर म्हणालास हे?"

वॉरननं मान हलवली.

"पडद्यावर दिसलास?"

पुन्हा मान.

क्रिस्टा हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि त्याच्या गळ्यात पडली. डेलरॉयही पडला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं तरी. त्या दोघांच्या मधून वॉरननं निकरानं एकच शब्द बाहेर काढायचा प्रयत्न केला. "पोरी" म्हणायचं होतं. निघालं ते काहीतरी घर्र, किर्र, मग फुस्स.

क्रिस्टानं झटकन डोकं वर केलं. डोळे पुसले, खिशातून फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो बापाच्या तोंडासमोर धरला.

"बाबा, हा आवाज परत काढ."

वॉरननं काढला.

"अजून एकदा. जरा लांबव."

वॉरननं लांबवला.

"वा! आता तीनदा, सारख्या अंतरानं. आई, बोलू नकोस गं मध्ये!"

असं ते वीस मिनिटं चाललं. वॉरन घामाघूम होऊन घर्र किर्र फुस्स करत होता, लेक म्हणेल तसं, म्हणेल तितक्या वेळा. डोरीननं शेवटची पेस्टी स्वतःच खायला घेतली आणि डेलरॉयच्या शेजारी पायरीवर टेकली.

"चला," ती म्हणाली, "चार वर्षांनी बापलेक बोलायला लागले."